उघडलेल्या इयरबडमध्ये जे दिसत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर इथेच कळेल. उजवा बड पावसात भिजून बंद पडला. तुम्ही डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, त्यामुळे हात शिवशिवले आणि कटरने सांधा फोडलात. आत निघालं काय? वाटाण्यापेक्षा थोडा मोठा सेल, शर्टाच्या बटणाएवढा स्पीकर, घडी घातलेली सर्किटची पट्टी आणि भरपूर ग्लू. त्यावर तुमचा सवाल : "एवढंच? याचे १,५०० रुपये? आणि ज्याचे २०,००० घेतात त्यात काय सोनं भरतात? त्यापेक्षा माझा ४०० रुपयांचा वायरवाला इयरफोन बरा वाजतो."

शेवटच्या वाक्याबद्दल वाद नाही. वायरवाल्यात बॅटरी नाही, रेडिओ नाही, चार्जिंगची केस नाही. ४०० रुपयांतला खर्च बहुतेक स्पीकर आणि वायरवर होतो. तो चांगला वाजला नाही तरच नवल.

माझी ओळख एवढीच की मी पुण्यात बारा वर्षं कानाची मशीन दुरुस्त केली, म्हणजे कमी ऐकू येणारे लोक लावतात ती. गेली सहा-सात वर्षं टेबलावर मशीनपेक्षा इयरबडच जास्त येतात. सुटे भाग तापकीर गल्लीतून आणतो, आणि जे मिळत नाहीत ते मेलेल्या बडमधून काढतो. त्यामुळे तुम्ही जे एकदा पाहिलंत ते मी रोज पाहतो. तुमची निराशा मला समजते, पण तुमची मोजणी चुकली आहे असं माझं मत आहे. तुम्ही भाग मोजलेत. मिरजेचा तंबोरा फोडून पाहिला तर आत भोपळा आणि हवाच निघणार. बडमधलं डिझाइनही बरंचसं भोकांमध्ये, मोकळ्या जागांमध्ये आणि वेळेच्या हिशोबात आहे. ते उघडून दिसत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमचं मॉडेल मी पाहिलेलं नाही. नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट पुसण्याची सोय, आहे की नाही, माइक किती, चिप कुठली, यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. जे जवळपास सगळ्यांत सारखं असतं त्यापासून सुरुवात करतो.

तुम्ही फोडलेल्या कवचाला भिंग लावा. रबरी टोपी जिथे बसते त्या नळीच्या जवळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं एक भोक दिसेल. आतून त्यावर काळी, रेशमासारखी बारीक जाळी चिकटवलेली असेल. स्पीकरच्या पाठीमागच्या बाजूला असंच आणखी एक भोक असण्याची शक्यता आहे. बहुतेकांना वाटतं की हा माइक आहे, किंवा पाणी बाहेर पडायची सोय आहे. ही हवेसाठी ठेवलेली वाट आहे, आणि तुम्हाला ऐकू येणाऱ्या आवाजातला मोठा हिस्सा या भोकांवर ठरतो.

हे मला इयरबडने नाही, कानाच्या मशीनने शिकवलं. सुरुवातीच्या काळात सदाशिव पेठेतल्या एक आजी आल्या होत्या. मशीन नवं, कानाच्या मापाचा साचा घट्ट बसलेला, सगळं ठीक. तक्रार एकच : "अरे, मी बोलले की माझाच आवाज मडक्यातून आल्यासारखा येतो." आपण बोलतो तेव्हा जबड्याच्या हाडातून कानाच्या नळीची भिंत थरथरते. कान उघडा असतो तेव्हा ती थरथर बाहेर निघून जाते. बूच लावलं की आत कोंडते आणि घुमते. उपाय म्हणजे साच्याला आरपार एक भोक पाडायचं. माझ्या उस्तादांनी मिलिमीटरभराचं पाडलं आणि आजी खूश झाल्या. मी म्हटलं, मग अजून मोठं पाडू की. ते म्हणाले, पाड आणि बघ. मोठ्या भोकातून खालचे सूर गळून गेले, आणि मशीन शिट्टी मारायला लागलं ते वेगळंच.

इयरबडमध्ये हीच ओढाताण आहे, फक्त जागा त्याहून कमी. स्पीकरचा पडदा पुढे ढकलला जातो तेव्हा कानात कोंडलेली हवा दाबली जाते. बास म्हणजे हा दाब. आत्ता करून बघायचं असेल तर डाव्या बडवर ढोल-ताशा लावा आणि बड किंचित बाहेर ओढा. टोपी आणि कातडी यांच्यात केसाएवढी फट पडली की ढोल गायब होतो, ताशा राहतो. स्पीकर तोच, गळती तेवढी झाली. म्हणजे बाससाठी सगळं बंद हवं. पण पूर्ण बंद केलं तर स्वतःचा आवाज मडक्यातून, आणि बड कानात दाबताना हवा कोंडून स्पीकरचा पडदा 'कट्ट' करून मुडपतो. म्हणून भोक हवंच, पण त्यातून हवा सावकाश जायला हवी. पटकन येणाऱ्या लहरींना ते बंद दरवाजासारखं वाटावं आणि सावकाश होणाऱ्या दाबाच्या फरकाला उघडं. हे काम त्या काळ्या जाळीचं आहे. जाळी किती दाट, भोक केवढं, स्पीकरच्या मागे हवेचा कप्पा किती घन मिलिमीटरचा, या तिन्हींचा मेळ बसवायला महिने जातात. साहित्याची किंमत मात्र नगण्य.

मागच्या वर्षी एक मुलगा आला, उजव्या बडला बास नाही म्हणून. स्पीकर तपासला, ठणठणीत. विचारल्यावर कळलं की भोकात मळ दिसला म्हणून त्याने सुईने साफ केलं होतं. जाळी फाटली होती, झालं. मेलेल्या बडमधली जाळी काढून लावली, पण डावा-उजवा पूर्वीसारखा तंतोतंत जुळला नाही तो नाहीच.

कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी स्वतःच एक वाद्य असते. ३,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर ती आपसूक वाढवून देते, आणि मेंदू जन्मापासून तसंच ऐकायला सरावलेला असतो. बडचं बूच लावलं की ही नैसर्गिक वाढ बिघडते. म्हणून डिझाइन करणाऱ्याला ती कृत्रिमरीत्या परत घालावी लागते. किती घालायची? प्रत्येकाची नळी वेगळी, त्यामुळे अनेक कानांचं सरासरी माप धरतात. एकच बड मित्राला अप्रतिम आणि तुम्हाला कर्कश वाटतो याचं एक कारण हे. दुसरं कारण त्याहून साधं आहे : टोपीचं माप चुकलेलं. डब्यातल्या लहान आणि मोठ्या टोप्या माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांनी कधी पिशवीतून काढलेल्याच नसतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी या वस्तूला खरोखर मानतो तिच्याकडे येतो. वायरवाल्या इयरफोनला डावा आणि उजवा एकाच क्षणी वाजवणं ही अडचणच नाही, दोन्ही तारा एकाच ठिकाणाहून निघतात. तुमच्या दोन बडमध्ये तार नाही. दोन वेगळे रेडिओ, दोन वेगळ्या बॅटऱ्या आणि दोन वेगळी घड्याळं. पट्टीवर चकचकीत पत्र्याची एक छोटी चौकोनी डबी दिसली असेल. तो क्रिस्टल, म्हणजे बडचं घड्याळ. साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत वीस भागांची चूक सहज असू शकते. ऐकायला फार थोडी वाटते. म्हणजे सेकंदाला २० मायक्रोसेकंद.

पण आपले कान याबाबत भलतेच कडक आहेत. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपण दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून ओळखतो, आणि १० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरकसुद्धा माणसाला कळू शकतो. अगदी बाजूने येणारा आवाज एका कानापासून दुसऱ्यापर्यंत जायला साधारण साडेसहाशे-सातशे मायक्रोसेकंद घेतो. आता हिशोब करा. दोन घड्याळांत सेकंदाला २० मायक्रोसेकंदांचा फरक पडत गेला, तर जेमतेम अर्ध्या मिनिटात गायक डोक्याच्या मध्यातून सरकत एका कानाशी जाऊन बसेल. तीन मिनिटांच्या गाण्यात फरक साडेतीन मिलिसेकंदांवर जाईल.

तसं होत नाही, कारण दोन्ही बड आपल्या घड्याळावर विसंबून राहतच नाहीत. फोनच्या ब्लूटूथचा एक ठोका असतो, ३१२.५ मायक्रोसेकंदांचा. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा एकमेकांकडे बघत नाहीत, दोन्ही रांगांचे कान पखवाजावर असतात. तसे दोन्ही बड फोनच्या ठोक्यावर कान ठेवून आपली चाल किंचित वाढवत, किंचित कमी करत राहतात. ही दुरुस्ती इतकी बारीक असते की सूर हललेला कळत नाही. गाणं चालू असेपर्यंत हे अखंड चालतं. उघडलेल्या बडमध्ये यातलं काय दिसणार? ती पत्र्याची डबी, बस.

गंमत म्हणजे ब्लूटूथ या कामासाठी बनलंच नव्हतं. स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन यांनी १९९४ मध्ये त्यावर काम सुरू केलं. गाण्यासाठी पुढे जी पद्धत ठरली तिच्यात फोन एका वेळी एकाच यंत्राला आवाज पाठवतो. दोन कानांत दोन यंत्रं असतील असं कोणी धरलं नव्हतं. म्हणून सुरुवातीच्या अनेक बडमध्ये फोन एका बडला गाणं द्यायचा आणि तो दुसऱ्याला पुढे पाठवायचा. आणि मधे काय? डोकं. डोक्यात बहुतेक पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. काही कंपन्यांनी त्यावर तोडगा म्हणून कानापासून कानापर्यंत रेडिओलहरींऐवजी चुंबकीय क्षेत्राने आवाज पोहोचवला, कारण त्याला डोक्याचा अडथळा होत नाही. कानाच्या मशीनमध्येही ही युक्ती वापरतात. नंतर आणखी एक हुशारी आली : फोन एकाच बडशी बोलतो, आणि दुसरा बड त्या दोघांचं बोलणं चोरून ऐकतो. ते बोलणं गुप्त भाषेत असतं, पण तिची चावी पहिल्या बडने दुसऱ्याला दिलेली असते, त्यामुळे त्याला सगळं उलगडतं. फोनला पत्ताच नसतो की ऐकणारे दोघं आहेत. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओत मात्र दोन कानांसाठी दोन वेगळे प्रवाह आणि 'हा तुकडा अमुक क्षणी वाजवायचा' अशी आधीच ठरवलेली वेळ, अशी रीतसर सोय आहे.

यातून एक रोजचा प्रश्न सुटतो. लोक म्हणतात, घरात छान चालतो, पर्वतीवर फिरायला गेलं की तुटतो, बिघडलाय का? नाही. फोन उजव्या खिशात, आणि मधे तुमचं शरीर म्हणजे पाण्याचं पिंप. घरात लहरी भिंतींवर आपटून वळसा घालून दुसऱ्या कानाला पोहोचतात. मोकळ्यावर भिंतच नाही. अशा वेळी फोन वरच्या खिशात ठेवा, पैसे वाचतील.

वाय-फाय, मायक्रोवेव्ह आणि शेजाऱ्यांचे सगळे ब्लूटूथ याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करतात. त्यातून वाट काढायला ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० पर्यंत उड्या मारतं, आणि जिथे गोंगाट असेल त्या वाहिन्या टाळतं. उड्या मारण्याची कल्पना जुनी आहे. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी पाणतीर भरकटवला जाऊ नये म्हणून १९४२ मध्ये अशाच पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. त्यात ८८ वाहिन्या होत्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्या.

बॅटरीकडे वळू. तुमच्या हातात असलेला सेल साधारण ४० मिलिअँपिअर-अवरचा असेल. फोनमध्ये हल्ली ५,००० चा असतो, म्हणजे सव्वाशेपट. एवढ्यावर बड सहा तास चालतो, म्हणजे तो साधारण ६-७ मिलिअँपिअर घेतो. तुम्ही पहिल्या वर्षाला ब्रेडबोर्डवर एलईडी लावला असेल ना? तो १० ते २० घेतो. त्याच्याहून कमी करंटमध्ये रेडिओ चालतो, दाबून पाठवलेलं गाणं उलगडतं, घड्याळ दुरुस्त होतं, माइक ऐकतात आणि स्पीकर वाजतो. मी कानाची मशीन पाहिलेला माणूस, त्यामुळे कमी करंटचं कौतुक मला सहजी वाटत नाही. पण मशीनमध्ये रेडिओचा हा सततचा भार पूर्वी नसायचा.

गाणं मुळात दाबून का पाठवावं लागतं, हेही यातूनच येतं. सीडीवरचा आवाज सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथची सगळ्यांत साधी पद्धत, एसबीसी, तो चांगल्या दर्जात ३२८ च्या आसपास आणते. कान ज्यावर नेमकं लक्ष देत नाहीत ते गाळून. एलडॅक ही जास्त दर्जाची पद्धत ९९० पर्यंत जाते, पण गर्दीत ती टिकत नाही आणि बॅटरीही खाते. लोकलमध्ये किंवा बसमध्ये ऐकणाऱ्याने त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नॉइज कॅन्सलेशन तुमच्या बडमध्ये असेल तर बाहेरच्या बाजूला एक माइक आणि नळीच्या तोंडाशी आतून दुसरा, असे दोन सापडतील. मूळ कल्पना पॉल ल्यूग या जर्मन माणसाची, अमेरिकन पेटंट १९३६ चं : येणाऱ्या लाटेवर नेमकी उलटी लाट सोडायची. कल्पना कागदावर होती, पण ती कानावर आणायला पुढची कित्येक दशकं गेली. बोस या हेडफोन-स्पीकरच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस, ज्यांचे वडील स्वातंत्र्य चळवळीत असलेले बंगाली गृहस्थ, १९७८ मध्ये झ्युरिकहून बॉस्टनला विमानाने जात होते. इंजिनाच्या घरघरीत हेडफोनवर काहीच धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी विमानातच गणित मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचे हेडफोन बाजारात आले ते १९८९ मध्ये.

गणित अवघड आहे ते वेळेमुळे. आवाज एक सेंटिमीटर जायला साधारण २९ मायक्रोसेकंद घेतो. बाहेरच्या माइकपासून स्पीकरपर्यंत अंतर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. तेवढ्या वेळात माइकने ऐकायचं, चिपने उलटी लाट तयार करायची आणि स्पीकरने ती सोडायची. समजा ५० मायक्रोसेकंद उशीर झाला. पंख्याच्या किंवा बसच्या इंजिनाच्या १०० हर्ट्झच्या लाटेचा एक फेरा १०,००० मायक्रोसेकंदांचा. त्यात ५० म्हणजे दोनशेवा भाग, चालून जातं, घरघर जवळपास पुसली जाते. पण ३,००० हर्ट्झच्या लाटेचा फेराच ३३३ चा. तिथे ५० मायक्रोसेकंद म्हणजे जवळपास सातवा भाग. उलटी लाट आता उलटी राहिलीच नाही, काही पुसलं जात नाही. त्याच्याही वर गेलं तर उलट भर पडेल. म्हणून चिप वरच्या सुरांच्या वाट्याला जातच नाही. ते काम रबरी टोपी करते, नुसतं अडवून. बसची घरघर जाते आणि कंडक्टरची शिट्टी ऐकू येते, तो दोष नव्हे, भौतिकशास्त्र आहे. आणि टोपी सैल असेल तर हजारो रुपयांचं नॉइज कॅन्सलेशन फुकट, कारण आतल्या माइकला कानाऐवजी रस्ता ऐकू येतो.

स्वस्त आणि महाग यांतला सगळ्यांत खरा फरक मला इथेच सापडतो. कुठलेही दोन स्पीकर आणि कुठलेही दोन माइक तंतोतंत सारखे नसतात. उलटी लाट नेमकी बसायची तर प्रत्येक बड कारखान्यात कृत्रिम कानावर लावून मोजावा लागतो, आणि त्याच्यापुरते आकडे त्याच्या चिपमध्ये लिहावे लागतात. डावा आणि उजवा एकमेकांशी जुळलेली जोडी निवडावी लागते. हे करायला यंत्र लागतं आणि वेळ लागतो. स्वस्त मालात हे घाईत उरकतात, किंवा अख्ख्या लॉटला एकच आकडा देऊन मोकळे होतात. बड उघडून पाहिला तर दोन्हीकडे तोच माइक आणि तोच स्पीकर दिसेल.

फोनवर बोलतानाचा प्रकार थोडक्यात सांगतो. माइक तोंडापासून लांब, गालाच्याही मागे. म्हणून दोन माइक काही अंतरावर ठेवतात. तोंडाचा आवाज खालच्या माइकला काही मायक्रोसेकंद आधी पोहोचतो, त्यावरून चिप ओळखते की हा मालकाचा आवाज आहे आणि तो ट्रकचा. काहींमध्ये हाडाची थरथर पकडणारा सेन्सरही असतो, वाऱ्यात तो फार कामाला येतो. आणि कॉल आला की गाण्याचा दर्जा एकदम रेडिओसारखा का होतो? कारण बोलताना ब्लूटूथ दुसऱ्याच, दोन्ही दिशांच्या जुन्या पद्धतीवर जातं. तिथे आवाजाचे नमुने बहुधा सेकंदाला ८,००० किंवा १६,००० च घेतले जातात. ही जुनी पद्धत आहे तोवर बड बदलून यात फारसा फरक पडत नाही.

केसकडे कोणी डिझाइन म्हणून बघत नाही, पण अर्धी दुरुस्ती तिथलीच असते. बड आपोआप खाचेत ओढला जातो, ते चुंबकामुळे. झाकण उघडल्याचं कळतं, तेही चुंबकामुळे, त्याच्यासमोर एक हॉल सेन्सर असतो. दोन सोनेरी टोकांतून चार्जिंग होतं आणि बऱ्याच मॉडेलमध्ये त्याच दोन टोकांवरून केस आणि बड एकमेकांशी बोलतातही. घाम लागलेला बड तसाच केसमध्ये ठेवला की त्या टोकांवर व्होल्टेज, वर खारट पाणी. दहावीच्या प्रयोगशाळेतला इलेक्ट्रोलिसिसच. मुलामा उडतो, आतल्या तांब्याला हिरवं चढतं, आणि मग 'एकच बड चार्ज होत नाही' ही तक्रार. डब्यावर पाण्यापासून बचावाचा दर्जा लिहिलेला असतो, त्यातला आयपीएक्स ४ म्हणजे साध्या पाण्याचे शिंतोडे. त्यात घाम धरलेला नाही, केस तर बहुतेक वेळा धरलेलीच नसते. तुमचा उजवा पावसाने गेला असं तुम्ही म्हणता. मला शंका आहे की तो पावसाने नाही, भिजल्यावर लगेच केसमध्ये ठेवल्याने गेला. टोकं बघा, हिरवट-काळी असतील तर माझा अंदाज बरोबर.

तर १,५०० आणि २०,००० चं काय? सुट्या भागांच्या किमतीत तेवढा फरक नाही, हे तुमचं निरीक्षण माझ्याही हिशोबात बसतं. जास्तीचे पैसे जातात ते भोकं-जाळ्यांच्या मेळात, प्रत्येक नग मोजण्यात, घड्याळं आणि उलट्या लाटेच्या सॉफ्टवेअरमध्ये. आणि नावाचे, जाहिरातीचे, दुकानाच्या काचेचेही जातात, ते का लपवू? माझ्या कानांना ३ ते ६ हजारांच्या दरम्यान बरीचशी हुशारी मिळून जाते. त्यापुढे प्रत्येक जास्तीच्या हजाराला फरक कमी होत जातो. रोज दोन तास बस किंवा विमानात असाल तर नॉइज कॅन्सलेशनसाठी वर जा. घरी शांततेत शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने वायरवालाच घ्यावा, मीही तोच वापरतो.

एका गोष्टीचं कौतुक मला जमत नाही : ग्लू. इतक्या बारकाईने बनवलेली वस्तू, आणि तिचं आयुष्य तिच्यातल्या सगळ्यांत लवकर मरणाऱ्या भागाला बांधलेलं. लिथियम सेल तीनशे-पाचशे फेऱ्यांत म्हातारा होतो. केसमध्ये ठेवला की दर वेळी शंभर टक्के भरतो, त्यामुळे जरा लवकरच. स्पीकर, चिप, माइक, सगळं धडधाकट असताना बड कचऱ्यात. ॲपलच्या पहिल्या एअरपॉड्सना, वस्तू उघडून गुण देणाऱ्या आयफिक्सिटने दुरुस्तीसाठी १० पैकी शून्य गुण दिले होते. स्क्रू बसवायला जागा नाही, पाणी अडवायचं असतं, हे मला पटतं. पण २०२४ मध्ये फेअरफोन या कंपनीने सेल बदलता येणारे बड काढले, म्हणजे अशक्य नव्हतं. युरोपीय संघानेही छोट्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता याव्यात अशी अट घातली आहे, मुदत फेब्रुवारी २०२७.

आता तुमच्या टेबलावरच्या पसाऱ्याचं. कटरने सांधा फोडलात ते पुन्हा करू नका, सेलला पातं लागलं असतं तर बोटं भाजली असती. आम्ही आधी गरम हवेने ग्लू मऊ करतो आणि सांधा छोट्या शिकंज्यात (व्हाइसमध्ये) सर्व बाजूंनी हळूहळू दाबून मोकळा करतो. सेल फुगला नसेल तर दोन्ही टोकांवर वेगवेगळी टेप लावून कोरड्या काचेच्या बाटलीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घरच्या कचऱ्यात नको. स्पीकर फेकू नका. त्याला जुन्या इयरफोनची वायर सोल्डर करून, आधी कवचाशिवाय ऐका, मग तळहाताच्या बंद मुठीत धरून ऐका, आणि मग त्या फुटक्या कवचात टेपने बसवून ऐका. तीन वेळा तीन वेगळे स्पीकर वाटतील.

डावा बहुतेक मॉडेलमध्ये एकटाही चालतो. फोनच्या ब्लूटूथ यादीतून जुनी जोडणी काढा, डावा केसमध्ये ठेवून त्याच्या पुस्तिकेत दिलं असेल तसं रिसेट करा आणि पुन्हा जोडा. मग फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करायला विसरू नका, नाहीतर उजवीकडची वाद्यं ऐकूच येणार नाहीत.